डाव कोणत्या गांवीं मांडावा?

संध्याकाळचे आठ वाजले कीं हल्लीं पुष्कळ घरांतून एक दृश्य दिसतें. मुलगा मोबाइल हातांत घेऊन बसलेला असतो. त्याचा एक मित्र पुण्याला, दुसरा लातुरास, तिसरा ठाण्याला असतो, आणि चौघांचा मिळून एक डाव सुरू व्हावयाचा असतो. पडद्यावर एक चक्र कांहीं वेळ गरगर फिरतें आणि मग खेळ सुरू होतो. वडीलमाणसांस वाटतें कीं, हा खेळ त्या हातांतल्या यंत्रांतच चालला आहे. तसें नसतें. तो पट चौघांपैकीं कोणाच्याच घरीं नसतो. तो शेंकडों किलोमीटरांवरच्या एखाद्या इमारतींतील यंत्रावर मांडलेला असतो, आणि तो कोणत्या शहरांत, कोणत्या यंत्रावर मांडावा याचा निर्णय तें चक्र फिरत असतांना होत असतो. हा निर्णय करणाऱ्या व्यवस्थेला रांग म्हणतात. त्या रांगेचे नियम कसे लिहितात, आणि त्या नियमांत आमच्या धाराशिवसारख्या जिल्ह्यांतील मुलाच्या वांट्याला काय येतें, हें आज आपणांस सांगावें असें योजिलें आहे.

प्रथम, पट मध्यें कोठें तरी मांडावाच कां लागतो हें पाहूं. कबड्डीच्या मैदानावर पंच लागतो. चढाई करणारा म्हणतो, मी मधली रेषा शिवली. पकडणारे म्हणतात, त्याआधींच आम्हीं धरला. निकाल पंचानें द्यावयाचा. दूरदूर बसून खेळल्या जाणाऱ्या खेळांतही हीच अडचण आहे. प्रत्येकाच्या मोबाइलनें आपापल्या धन्याच्या बाजूनें निकाल दिला तर चार मोबाइल चार निरनिराळे डाव खेळतील. म्हणून प्रत्येक हालचालीची वर्दी मधल्या यंत्राकडे, म्हणजे सर्व्हरकडे, जाते. कोण आधीं, कोण मागून, हें तो ठरवितो, आणि निकाल सर्वांना परत कळवितो. वर्दी जाऊन निकाल परत येण्यास जो वेळ लागतो त्यालाच मुलें ‘पिंग’ म्हणतात. तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत, म्हणजे मिलीसेकंदांत, मोजतात. पिंग चाळीस असला तर खेळणाऱ्याला कांहीं जाणवत नाहीं. तो दीडशेंच्या पुढें गेला कीं, आपण नेम धरलेला गडी प्रत्यक्षांत भिंतीआड गेलेला असतो आणि आपण मात्र रिकाम्या जागेवर गोळी झाडीत असतों. ‘मी आधीं मारलें होतें’ असें मूल रडकुंडीला येऊन सांगतें तेव्हां तें खोटें बोलत नसतें. त्याच्या पडद्यावर तसेंच घडलेलें असतें. पंच दूर उभा असतो, इतकेंच.

मग पंच जवळ आणावा. पण जवळ म्हणजे काय? येथें नकाशा फसवितो. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन परत येण्यास एक मिलीसेकंद पुरे. धाराशिवहून सरळ रेषेनें हैदराबाद पावणेतीनशें किलोमीटरांच्या आसपास आहे, मुंबई साडेतीनशेंच्या आसपास. या हिशेबानें दोहोंतील फरक एका मिलीसेकंदाहूनही कमी भरतो. सिंगापूर मात्र साडेतीन हजार किलोमीटर दूर. तेथें जाण्यायेण्यास प्रकाशालाच पस्तीस मिलीसेकंद लागतात, आणि त्यांत कोणत्याही कारागिराला काटछाट करतां येणार नाहीं.

पण संदेश सरळ रेषेनें जात नाहीं, मार्गानें जातो. बार्शी लाइट रेल्वेच्या दिवसांत लातूरची गाडी येडशीवरून जाई आणि धाराशिव शहर बाजूलाच राही. आतां शहराला स्थानक आहे. पण मुंबईस जावयाचें तर रुळांना आधीं कुर्डुवाडी गांठावीच लागते. संदेशांचेंही असेंच आहे. मोबाइलचा मनोरा, त्यामागची कंपनीची तार, मग एका कंपनीचें जाळें दुसऱ्या कंपनीच्या जाळ्याला जेथें मिळतें तो सांधा, असे टप्पे घेत तो जातो. असे मोठे सांधे मुंबईंत आहेत. समुद्रतळावरून येणाऱ्या ताराही तेथें, वर्सोव्यासारख्या किनाऱ्यांवर, वर येतात. त्यामुळें धाराशिवहून हैदराबादेस निघालेला संदेश आधीं मुंबईची वारी करून मग हैदराबादेकडे वळला, असेंही होऊं शकतें. आमच्या जिल्ह्याला या दोन शहरांमधील ओढाताण नवीन नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो निजामाच्या संस्थानांत होता आणि सरकारदरबारचीं कामें हैदराबादेस चालत. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हां जिल्ह्याचें तोंड मुंबईकडे वळलें. मुलाच्या मोबाइलमधील संदेशानें कोणीकडे तोंड करावें हें मात्र प्रत्येक डावाला नव्यानें ठरत असतें.

तात्पर्य, अंतर मैलांत मोजून उपयोग नाहीं, तें वेळेंतच मोजलें पाहिजे, आणि तेंही त्या खेळाडूच्या मोबाइलवरून त्या घटकेला.

आतां हीं यंत्रें कोणाचीं? खेळ तयार करणाऱ्या कंपन्या बहुधा स्वतःचीं यंत्रें बाळगीत नाहींत; त्या तीं तासाच्या हिशेबानें भाड्यानें घेतात. या भाड्याच्या व्यवस्थेलाच क्लाउड म्हणतात. नांव ढगाचें असलें तरी वस्तु जमिनीवरच आहे: भिंती, वीज, थंड हवा आणि यंत्रांच्या मांडण्या. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें अशीं केंद्रें उघडलीं. अ‍ॅमेझॉननें २०१६ च्या जूनमध्यें मुंबईंत आणि २०२२ च्या नोव्हेंबरांत हैदराबादेस. गूगलनें २०१७ सालीं मुंबईंत. त्यापूर्वीं आपल्या मुलांचे पुष्कळसे डाव सिंगापुरासारख्या परक्या ठिकाणीं मांडले जात.

केंद्रें वाढलीं तशी निवडही वाढली, आणि निवड आली कीं नियम आले. या नियमांचा चांगला नमुना अ‍ॅमेझॉनच्या गेमलिफ्ट नांवाच्या सेवेंत पाहावयास मिळतो. ती २०१६ सालीं सुरू झाली. तिच्यांत दोन कामें वेगळीं ठेविलेलीं आहेत, आणि लोक नेहमीं त्यांची गल्लत करतात. पहिलें काम गडी जमविण्याचें: सारख्या कुवतीचे खेळाडू हुडकून त्यांची तुकडी करणें. दुसरें काम त्या तुकडीला पट मिळवून देण्याचें. रांग हें दुसरें काम करते. शाळेंतील भाषेंत सांगावयाचें तर, तुकड्या कोणी पाडल्या हा एक प्रश्न आणि कोणत्या तुकडीला कोणता वर्ग द्यावा हा दुसरा. वर्ग वांटणारा शिक्षक मुलांची हुशारी पाहत नाहीं. बांकें किती मोकळीं आहेत तें पाहतो.

भाड्यानें घेतलेल्या यंत्रांच्या समूहाला ताफा म्हणतात. एका यंत्रावर पुष्कळ पट मावतात, आणि प्रत्येक पटावर एका वेळीं एकच डाव. रांगेला ताफ्यांची एक यादी दिलेली असते. तुकडीची मागणी आली कीं रांग त्या यादींतील योग्य ठिकाणीं मोकळा पट शोधते, तो त्या तुकडीच्या नांवानें धरून ठेवते, आणि त्या यंत्राचा पत्ता व दाराचा क्रमांक परत पाठविते. मुलांच्या पडद्यावरचें चक्र थांबतें तें त्यानंतर. पट मोकळा नसेल तर मागणी रांगेंत उभी राहते. ती किती वेळ उभी राहावी याचीही मुदत लिहावी लागते. गेमलिफ्टमध्यें कोणी कांहीं न लिहिल्यास ती सहाशें सेकंद धरली जाते. तुळजापुरास नवरात्रांत दर्शनबारींत उभा राहणारा माणूस दहा मिनिटें म्हणजे कांहींच समजत नाहीं. पण चौदा वर्षांच्या मुलाला फिरतें चक्र पाहत दहा मिनिटें बसवून पाहावें! तो दुसऱ्याच मिनिटाला दुसरा खेळ उघडील. म्हणून मुदत ठरवितांना यंत्राची नव्हे, माणसाची सोशिकता विचारांत घ्यावी लागते.

‘योग्य ठिकाण’ हा शब्द वर वापरला. सगळी मेख त्यांतच आहे. एकाहून अधिक ठिकाणीं पट मोकळे असतील तर कोणतें घ्यावें, यासाठीं रांगेला निकषांचा अग्रक्रम लागतो. मुळांत दिलेला क्रम असा असतो: आधीं पिंग, मग भाडें, मग यादींतील ताफ्याचा नंबर, शेवटीं स्थळ. कंपनीला हा क्रम बदलतां येतो. कोणी भाडें पहिलें ठेवील तर त्याचे डाव जेथें यंत्रें स्वस्त तेथें जातील, मग खेळणारे कोठेंही असोत. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. खेळाच्या प्रोग्रामनें खेळाडूंचे पिंग मोजून मागणीबरोबर पाठविलेच नाहींत, तर पहिला निकष कागदावर असूनही निरुपयोगी होतो. मुलांचीं वजनेंमापें न घेतां गणवेश शिवावयास टाकण्यासारखा तो प्रकार होय.

पिंग पाठविला, क्रमही ठीक लावला, म्हणजे न्याय झाला का? येथें आपण थोडें अंकगणित करूं. आंकडे मीं समजुतीसाठीं घेतलेले आहेत.

समजा, एका कंपनीनें आपले ताफे मुंबईस व हैदराबादेस उभे केले आहेत. पांच जणांची तुकडी जमली. चौघे मुंबई-ठाण्याकडचे, त्यांचा पिंग मुंबईला वीस आणि हैदराबादेला चाळीस. पांचवा मुलगा परंड्याचा. त्याच्या मोबाइल कंपनीचा मार्ग असा वेडावांकडा कीं मुंबईला एकशें तीस आणि हैदराबादेला साठ. रांग प्रत्येक ठिकाणची सरासरी काढते. मुंबई: चार वेळां वीस म्हणजे ऐंशीं, अधिक एकशें तीस, मिळून दोनशें दहा; पांचांनीं भागतां बेचाळीस. हैदराबाद: चार वेळां चाळीस म्हणजे एकशें साठ, अधिक साठ, मिळून दोनशें वीस; पांचांनीं भागतां चव्वेचाळीस. बेचाळीस लहान, म्हणून डाव मुंबईस मांडला गेला. दोन मिलीसेकंदांच्या फरकानें! चौघांचा खेळ गुळगुळीत चालला, आणि परंड्याचा मुलगा एकशें तीसवर तडफडत राहिला. संपूर्ण वर्गाचे सरासरी गुण चांगले आले म्हणून मागच्या बांकावरचें मूल पास झालें असें कोणी शिक्षक म्हणणार नाहीं. सरासरी मात्र तसें खुशाल म्हणते.

यावर उपाय रांगेंतच ठेविलेला आहे. सरासरी काढण्यापूर्वीं एक कमाल मर्यादा घालतां येते: तुकडींतील कोणाही एकाचा पिंग अमक्याच्या वर जात असेल तर तें ठिकाण बाद. वरील उदाहरणांत ही मर्यादा शंभर ठेवा. मुंबई एकट्या परंडेकरामुळें बाद होते, उरतें हैदराबाद. तेथें चौघांचा पिंग विसाचा चाळीस होतो, जो त्यांना जाणवणारही नाहीं, आणि पांचव्याचा एकशें तीसचा साठ होतो. चौघांनीं प्रत्येकीं वीस दिले आणि एकाला सत्तर मिळाले. बेरीज केली तर दहाचा तोटाच दिसेल. पण चौघांच्या ऐवजीं पांचहीजण खेळले.

मग मर्यादा आणखी कडक कां करूं नये? पन्नास ठेवली तर? मुंबईही बाद, हैदराबादही बाद, आणि तुकडी मुदत संपेपर्यंत ताटकळत उभी. दूरच्या मुलाचें रक्षण करण्यासाठीं घातलेला नियमच त्याला खेळापासून वंचित करतो. शिवाय त्याच्यापायीं चौघेही अडकतात, आणि पुढच्या वेळीं त्याला बरोबर घ्यावयास नाखूश होतात. म्हणून ही मर्यादा पायरीपायरीनें सैल करण्याची सोय केलेली आहे. पहिलें अर्धें मिनिट पन्नास. तोंवर जमलें नाहीं तर पुढचें अर्धें मिनिट शंभर. तरीही नाहीं तर दीडशें. परंडेकराच्या तुकडीला अर्ध्या मिनिटानंतर हैदराबाद मिळेल. अर्धें मिनिट थांबणें हा त्याला पडलेला भुर्दंड खरा. पण तो सोसण्याजोगा आहे. या पायऱ्यांची संख्या आणि उंची ठरविणें हें माझ्या मतें या साऱ्या कामांतील सर्वांत नाजूक काम होय. शहरांत बसून, आपल्याच कचेरींतल्या वेगवान जाळ्यावर खेळ तपासून, हे आंकडे लिहिणाऱ्याला परंडा किंवा भूम येथील संध्याकाळचा पिंग ठाऊक नसतो. त्यानें तो मागवून पाहिला पाहिजे.

भाड्याच्या बाजूविषयीं थोडेंसें. क्लाउडवाल्यांकडे जीं यंत्रें त्या वेळीं रिकामीं पडलेलीं असतात तीं ते बऱ्याच कमी दरानें देतात. अट एवढीच कीं, पुऱ्या भाड्याचें गिऱ्हाईक आलें कीं यंत्र परत घेतलें जाईल. सूचना दोन मिनिटांची. लग्नसराईंत कमी भाड्यानें मिळालेलें कार्यालय ऐन पंक्तीच्या वेळीं रिकामें करावें लागावें, तशांतला हा व्यवहार आहे. ज्या प्रकारच्या यंत्रांवर अशी जप्ती येण्याचा संभव त्या वेळीं अधिक दिसतो तीं टाळून पट शोधण्याची दक्षता रांग घेते. पण तेवढ्यावर विसंबूं नये. प्रत्येक शहरांत स्वस्त ताफ्याच्या जोडीला एक पुऱ्या भाड्याचा ताफाही यादींत असावा, म्हणजे एक आटला तर दुसरा हाताशीं राहतो. आणि शहरही एकच असूं नये. ज्या रांगेच्या यादींत एकच ठिकाण आहे ती नांवाचीच रांग.

येथपर्यंतचें सारें विवेचन गोळ्या झाडण्याच्या, धांवण्याच्या, चेंडूफळीच्या खेळांना लागू आहे. सगळ्याच खेळांना पिंगाची एवढी मातब्बरी नसते. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीनें २०१६ सालीं काढलेला लूडो किंग घ्या. लूडो हा आपल्या पचिशीचाच वंशज. फांसा टाकावा, सोंगटी सरकवावी, आणि दुसऱ्याच्या पाळीची वाट पाहावी. तेथें निकाल अर्ध्या सेकंदानें आला तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण २०२० च्या मार्चमध्यें देशभर टाळेबंदी झाली, घरोघर लोक अडकून पडले, आणि या खेळावर एकाएकीं एवढी झुंबड उडाली कीं होतीं तीं यंत्रें अपुरीं पडून कंपनीला तीं घाईघाईनें वाढवावीं लागलीं. अडचण अंतराची नव्हती, जागेची होती. अशा खेळाच्या रांगेंत भाडें पहिल्या नंबरावर ठेवावें, पिंगाची मर्यादा ढिली ठेवावी, आणि यादी लांबलचक करावी, म्हणजे मुंबईंतील पट भरले तर दूरचे कामास येतात. मुलांच्या खेळाचा नियम लूडोला लावणें जितकें चूक, तितकेंच लूडोचा नियम मुलांच्या खेळाला लावणें चूक. खेळाचा स्वभाव आधीं पाहावा, मग आंकडे लिहावे. प्रत्यक्षांत पुष्कळ ठिकाणीं दिलेला नमुना जसाच्या तसा उतरून घेतात, हें मला खेदानें म्हणावेंसें वाटतें.

एक लहानशी पण उपयुक्त युक्ति. यादींत ताफ्याचें खरें नांव न घालतां टोपणनांव घालावें. खेळाची नवी आवृत्ति निघाली कीं नवा ताफा उभा करावा लागतो. टोपणनांव जुन्यावरून काढून नव्याला दिलें कीं झालें, रांगेला हात लावावा लागत नाहीं. ‘सातवी अ’ ही पाटी दारावर तशीच राहते, आंतला वर्ग बदलतो.

आतां राहतां राहिली ती गोष्ट रांगेच्या आवांक्याबाहेरची. परंड्याच्या मुलाला हैदराबाद साठ आहे हें आपण धरून चाललों. पण रात्रीं साडेआठला सारें गांव मोबाइल उघडतें, एका मनोऱ्यावर सगळ्यांचा भार पडतो, आणि त्याच मुलाचा पिंग मुंबईलाही दोनशें, हैदराबादेलाही दोनशें होतो. मग रांगेनें कोणतेंही ठिकाण निवडलें तरी सारखेंच. विलंब केंद्रांत नाहीं, घर ते मनोरा या पहिल्या दोन-चार किलोमीटरांत आहे. घरांत तारेनें येणारें इंटरनेट असेल तर मोबाइल त्याला जोडून पाहावा. पहांटे व रात्रीं एकाच ठिकाणचा पिंग कागदावर टिपून ठेवावा. दोन्ही वेळां तो सारखाच मोठा असेल तर मार्ग लांबचा आहे असें समजावें. रात्रींच फुगत असेल तर मनोरा तुंबला आहे. पहिली तक्रार खेळाच्या कंपनीकडे, दुसरी मोबाइल कंपनीकडे. उलट केल्यास दोघेही हात झटकतात, हा माझा अनुभव आहे.

कंपनीच्या बाजूलाही वही असते. प्रत्येक मागणीपुढें रांग शेरा लिहिते: पट मिळाला, मागणी रद्द झाली, काम फसलें, किंवा मुदत संपली. महिनाअखेर बहुतेकजण ‘पट मिळाला’ याची टक्केवारी पाहतात, आणि ती शंभराजवळ दिसली कीं समाधान मानतात. मीं तो कागद तपासावयास घेतला असतां तर ‘मुदत संपली’ हे शेरे आधीं वेगळे काढले असते, आणि त्यांतील खेळाडूंचे पिंग कोणत्या भागांतून आले होते तें ओळीनें मांडून पाहिलें असतें. त्यांत परंडा, भूम, वाशी, लोहारा हीं नांवें पुन्हां पुन्हां येत असतील तर पायऱ्या चुकल्या आहेत. त्या पुन्हां मांडाव्या आणि महिन्यानें तीच यादी फिरून काढावी.